भाऊ आली

स्टुडिओत नवीन माणूस कामाला लागला की पहिले काही दिवस त्याला वाटायचं, इथल्या लोकांचं व्याकरण बिघडलेलं आहे. "भाऊ आली का?" "भाऊ जेवली का बघा." "भाऊ दमली आहे, तिला जरा बसू द्या." मग कोणीतरी त्याला काळ्या पडद्यामागे घेऊन जायचं. तिथे स्टुलावर एक उंच, काटकुळी बाई बसलेली असायची. गळ्याखाली सगळं तपकिरी, केसाळ अस्वल. वर माणसाचं डोकं, घामाने चिकटलेले केस, आणि हातात पाण्याची बाटली. शेजारच्या टेबलावर अस्वलाचं डोकं ठेवलेलं, तोंड उघडं, हसरं. नवा माणूस एकदा या डोक्याकडे बघायचा, एकदा त्या डोक्याकडे. मग तोही म्हणायला लागायचा, भाऊ आली, भाऊ गेली.

भुरूभाऊ हे टीव्हीवरच्या लहान मुलांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमातलं अस्वल. त्याला ओळखत नाही असं पोर दिवा घेऊन शोधलं तरी मिळालं नसतं. तो बोलायचा नाही. बुटाची नाडी बांधायला जायचा आणि स्वतःच्याच पायात अडकून पडायचा. फुगा फुटला की कोपऱ्याकडे तोंड करून बसायचा. आणि रोज शेवटी कोणालातरी कुशीत घ्यायचा: कधी पोस्टमनला, कधी रुसलेल्या पोराला, एकदा तर गळक्या नळाला. मुलं पडद्यासमोर सरकून बसायची ती त्या शेवटच्या मिनिटासाठी.

ती बाई मुळात या कामाला आलीच नव्हती. स्टुडिओच्या तळघरात कपडे धुवायचं आणि इस्त्रीचं खातं होतं, तिथे ती होती. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. एके दिवशी सकाळी डबा घेऊन गेला, आणि दुपारी त्याच्याऐवजी निरोप आला. एका इमारतीत काम करता करता जिन्यावर बसला होता, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागलेली.

लोक आले, बसले, गेले. तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. "धक्का बसलाय," कोणी म्हणालं. "काळीज दगडाचं आहे," दुसरं कोणी म्हणालं, आणि तेही तिला ऐकू येईल असं. तिने दोन्ही ऐकलं. आठवडाभराने ती पुन्हा इस्त्रीपाशी उभी होती. एकदा मनगट तापलेल्या इस्त्रीला टेकलं. तिला आधी कातडी लाल झालेली दिसली, मग वास आला, आणि दुखलं सगळ्यात शेवटी. तिने मनगट नळाखाली धरलं आणि पुढचा शर्ट घेतला.

मुलीचं करण्यात तिने कधी कसूर केली नाही. भरवणं, न्हाऊ घालणं, नखं कापणं, तापात रात्र काढणं, सगळं वेळच्या वेळी. पण पोर दोन हात पसरून आली की तिला काहीतरी आणायची आठवण व्हायची. वाटी, टॉवेल, काहीही. झोपेत अंगाखाली दबलेला हात जसा जाग आल्यावर दुसऱ्याचाच वाटतो, तसे तिचे दोन्ही हात व्हायचे. ओझं उचलायला चालायचे. पोरीभोवती जायचे नाहीत.

घर चालत होतं ते नणंदेमुळे. नवऱ्याची थोरली बहीण, एकटी, सडेतोड, दिवसकार्याला म्हणून आली आणि पिशवी न सोडताच राहिली. भिंतीवरच्या खिळ्याला ती पिशवी कितीतरी महिने तशीच लटकत होती. मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळी इमारत आत्या म्हणायची.

भुरूभाऊचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता तेव्हा अस्वलासाठी एक नर्तक ठरला होता. धट्टाकट्टा गडी. डोकं चढवल्यावर थोड्याच वेळात तो आतून ओरडायला लागला, आणि दोघांनी मिळून त्याला बाहेर काढलं. दुसरा आला तो चक्कर येऊन पडला. टेलरमास्तरांनी हात टेकले. म्हणाले, "बाई, हे अस्वल माणसं खातं." दिग्दर्शिका बाई कपाळ धरून बसल्या होत्या. त्याच वेळी ही धुतलेले पडदे द्यायला वर आली.

"तुझी उंची किती गं?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी तिला अस्वलात भरलं. आत फोमचं जाड अस्तर, वर लोकर, पायात गाद्यांसारखे जोडे. डोकं जड, आतून पट्ट्याने हनुवटीला बांधायचं. डोळ्यांतून काही दिसायचं नाही. दिसायचं ते तोंडातल्या काळ्या जाळीतून. डोक्यात एक छोटा पंखा होता, पण त्याचा आवाज ध्वनिमुद्रणात यायचा म्हणून चित्रीकरण सुरू झालं की तो बंद.

"गुदमरतंय?" बाईंनी बाहेरून विचारलं.

"नाही."

"भीती वाटते?"

"नाही."

"मग काय वाटतंय?"

"काही नाही."

"देव पावला," मास्तर म्हणाले.

मेकअप करणारीची लहान मुलगी तिथेच खेळत होती. बाईंनी तिला पुढे केलं. पोर घाबरली, आईच्या मागे लपली. अस्वल थोडा वेळ उभं राहिलं, मग खाली फतकल मारून बसलं आणि दुसरीकडे बघायला लागलं. पोर एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. मग तिने त्या लोकरीत तोंड खुपसलं. आतल्या बाईला जाळीतून दिसलं की दोन मोठे तपकिरी हात वर आले, पोरीच्या पाठीवर गेले आणि तिथे राहिले. ती बघत होती. हात आपलेच आहेत हे तिला कळत होतं, पण कोणीतरी दुसराच हे काम करतोय आणि आपल्याला फक्त आत उभं राहायचं आहे, असं तिला वाटलं. मेकअपवालीने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवसापासून ती भाऊ झाली.

आत कोण आहे हे कोणाला सांगायचं नाही, अशी अट होती. मुलांचा विश्वास तुटायला नको. घरी तिने एकट्या आत्याला सांगितलं. आत्या बटाटे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "पोरीला सांगू नकोस. बाप तर नाहीच तिला. अस्वल तरी राहू दे."

म्हणून मुलीच्या लेखी आई तीच राहिली, स्टुडिओत कपडे धुणारी.

संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा मुलगी टीव्हीसमोर बसलेली असायची. महिन्याभरापूर्वी केलेलं काम पडद्यावर चालू असायचं. ती चप्पल काढून मुलीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसायची. मुलगी अस्वलाशी बोलायची: आज शाळेत कोणी डबा सांडला, आत्या कशी रागावली, दात कसा हलतोय. अस्वल मान हलवायचं. कधीकधी ती मान नेमकी योग्य जागी हलायची, आणि मुलगी आईकडे बघायची, बघितलंस, या अर्थाने.

"तू त्याला रोज बघतेस ना?" एकदा तिने विचारलं.

"बघते."

"त्याला वास येतो का?"

"येतो."

"कसला?"

आईने खरं ते सांगितलं. "ओल्या लोकरीचा. आणि स्पिरिटचा."

मुलीने ते उत्तर मनात जपून ठेवल्यासारखं मान हलवली. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "हिच्या बापाचा वास येई तो ग्रीसचा. आमच्या घराण्याला चांगला वास लिहिलेलाच नाही."

मुलगी दुसरीत असताना तिची शाळा स्टुडिओ बघायला आली. सकाळी आईनेच तिच्या दोन वेण्या घातल्या, गणवेशाला इस्त्री केली, आणि मुलगी दर दोन मिनिटांनी विचारत होती की तो खरंच भेटेल का. आईने "भेटेल" एवढंच सांगितलं.

मास्तर डोकं चढवताना म्हणाले, "भाऊ, आज तुझी पोर आहे त्यात. जमेल ना? नाहीतर बाईंना सांगतो, तब्येत बरी नाही म्हणून."

"जमेल," ती म्हणाली.

मुलं रांगेने येत होती. कोणी हात मिळवला, कोणी पोटावर बुक्का मारला, एकाने शेपूट ओढली. आपली मुलगी कुठे आहे हे तिने हनुवटी वर करून बघितलं. बाहेरच्यांना वाटलं अस्वल वर बघून हसतंय. मुलगी प्रत्येकाला पुढे जाऊ देत होती. सगळ्यात शेवटी ती आली. मिठी मारली नाही. तिने बोटाने खूण केली, खाली वाक. अस्वल गुडघ्यावर बसलं. अस्वलाचा कान आतल्या बाईच्या डोक्याच्याही वर, पण मुलीला ते कसं माहीत असणार? तिने टाचा उंचावून त्या लोकरीच्या कानाला तोंड लावलं.

"भुरूभाऊ, माझी आई इथेच काम करते. खाली, कपडे धुवायला. तिला तू एकदा धरशील का?"

अस्वल हललं नाही.

"तिला कोणी धरत नाही. मी गेले की तिला काम आठवतं. तू धर. पण हळू धर हां. आणि आधी सांग, नाहीतर ती दचकेल."

अस्वलाने मान हलवली. मुलीने त्याचा पंजा थोपटला, जसं मोठी माणसं व्यवहार पक्का झाल्यावर करतात, आणि ती शाळेच्या बाईंच्या मागे रांगेत जाऊन उभी राहिली.

पडद्यामागे मास्तरांनी डोकं काढलं. तिचा चेहरा ओला होता, पण तो रोजच ओला असायचा. या धंद्यात घाम कुठला आणि दुसरं काय, हे कोणी सांगू शकलं नसतं. तिलाही सांगता आलं नसतं.

"काय म्हणाली गं पोर?"

"पाणी द्या," ती म्हणाली.

नळगळतीचा एक प्रसंग राहिला होता, तो तिने पूर्ण केला. मग बसने घरी आली. मुलगी दारातच उभी होती.

"भेटला तुला?"

"भेटला."

"धरलं त्याने?"

आई चप्पल काढत होती. "धरलं."

"आधी सांगितलं का?"

"सांगितलं."

"कसं धरलं? मला दाखव."

आत्याने स्वयंपाकघरातला नळ बंद केला. बाई दाराशी तशीच उभी. एक चप्पल पायात, एक बाहेर. तिला काही आणायचं आठवेना. मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. गुडघे थोडे वाकवले, बोजड शरीर असल्यासारखी खाली बसली, डावा हात आधी पाठीवर, उजवा डोक्यामागे, आणि हळू डावीकडे झुलली, मग उजवीकडे. दिवसभर जे केलं होतं तेच. मुलगी क्षणभर ताठ झाली. मग तिने आईच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि हं केलं, काहीतरी तपासून बरोबर निघाल्यासारखं.

आईला काय वाटलं? खरं सांगायचं तर काही नाही. तालमीत वाटायचं तेवढंच. मुलीचे केस नाकात जात होते आणि गुडघा दुखत होता. पण हात पडले नाहीत. मुलीनेच सोडलं, तोपर्यंत ते जागेवर होते.

त्या दिवसापासून झोपण्याआधी मुलगी म्हणायची, "भुरूभाऊसारखं." आणि आई करायची, न चुकता, दात घासण्यासारखं. आत्या दारातून बघायची. एकदा म्हणाली, "आमच्याकडे ही पद्धत नव्हती बाई. आम्हाला फक्त धपाटे." जरा थांबून म्हणाली, "तेही बरेच असायचे."

वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, भुरूभाऊ बघायचं वय सरलं, ते झोपण्याआधीचंही कधी बंद पडलं ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. भुरूभाऊ मात्र चालूच होता. नवी मुलं येत होती. बाईचे गुडघे कुरकुरायला लागले, मानेला पट्टा आला. मास्तरांनी डोकं हलकं करून दिलं.

मुलगी पंधरा-सोळाची असेल. जेवताना ताटावरून नजर न उचलता म्हणाली, "तू भुरूभाऊ आहेस ते मला माहीत आहे."

आत्याचा घास हातातच राहिला. आईने विचारलं, "कधीपासून?"

"असं एका दिवसात नाही. हळूहळू कळलं. तू जिना उतरतेस ना, तसाच तो उतरतो."

"बरं," आई म्हणाली.

"बरं काय? मी त्याला सगळं सांगायचे. तुला सांगत नव्हते ते सांगायचे. तू शेजारी बसून ऐकत होतीस."

"कोणाला सांगायचं नाही अशी अट होती."

"घरात कसली अट?"

आत्याने तोंड उघडलं आणि, जन्मात पहिल्यांदाच असेल, परत मिटलं. मुलगी उठून गेली. पुढे बरेच दिवस ती कामापुरतं बोलायची. दार आपटायची नाही, उलट उत्तर द्यायची नाही. ती फक्त घरात असून नसल्यासारखी झाली, आणि आईने ते ओळखलं, कारण ती स्वतः तशीच वागत आली होती. तिने काही केलं नाही. वेण्या घालायचं वय नव्हतं, म्हणून गणवेश इस्त्री करून खुर्चीवर ठेवत राहिली. मग परीक्षा आल्या, आत्याला खोकला झाला, बोलावंच लागलं, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. त्या विषयावर मात्र नाही.

कार्यक्रम बंद झाला तेव्हा मुलगी शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागली होती. शेवटचा दिवस शेवटचा आहे हे कोणालाच आधी सांगितलं नव्हतं. चित्रीकरण झालं, दिग्दर्शिका बाईंनी सगळ्यांना थांबवलं आणि वरून आलेला निर्णय वाचून दाखवला. मेकअपवाली रडली, मास्तर रडले, कॅमेऱ्यावरचा माणूस नाक शिंकरत बाहेर गेला. ती अर्धी अस्वलात उभी होती. लोक येऊन तिलाच बिलगत होते, आणि लोकरीतले हात सवयीने प्रत्येकाच्या पाठीवर जात होते. मग मास्तरांनी चेन उघडली. ती बाहेर आली, हातपाय पुसले, कपडे बदलले. घरी जाताना नेहमीच्या बसला गर्दी होती. एका बाईने तिला जागा दिली.

त्यानंतर ती घरीच असायची. सकाळी उठायची, झाडायची, खिडकीशी बसायची. आत्या म्हणायची, "अगं, काहीतरी कर. निदान भांड तरी माझ्याशी." ती हसायची, थोडंसं.

मग आत्या न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी आणल्यावर तिचं सगळं अंथरुणातच. बाई तिला कुशीवर वळवायची, उठवून बसवायची, अंग पुसायची. आत्या अंगाने भरलेली, पण जड वजन अंगावर घेऊन वावरणं बाईच्या हाडीमासी मुरलेलं होतं. तिने वळवलं तर आत्याला कुठे दुखायचं नाही.

एके दुपारी पाठ पुसून घेताना आत्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तो गेला तेव्हा तू रडली नाहीस."

"नाही."

"मला तुझा फार राग आला होता. वाटलं, हिला काहीच नाही त्याचं. मी राहिले ना, ती तुझ्यावर पाळत ठेवायला राहिले. पोरीला सांभाळतेस का टाकतेस ते बघायला."

बाईने टॉवेल पिळला. "मग?"

"मग काय. राहिले."

"पिशवी बरेच दिवस सोडली नव्हती तुम्ही."

"तुला माहीत होतं?"

"खिळा माझ्याच डोक्याशी होता, ताई."

आत्या हसायला गेली आणि खुब्यातून कळ आली. कळ ओसरल्यावर म्हणाली, "अजूनही नाही येत का गं रडू?"

बाईने विचार केला. उत्तर नीट द्यावं असं तिला वाटलं. "तो पाणी मागत होता म्हणे. ते आठवलं की घशाशी काहीतरी येतं. वर येत नाही."

"असू दे," आत्या म्हणाली. "पावडर लाव आता."

शनिवारी मुलगी आली. आत्याचं कळल्यापासून निघायच्या खटपटीत होती, सुट्टी आता मिळाली. दारात सामान ठेवून ती उभी राहिली. केस कापलेले, चेहरा प्रवासाने उतरलेला. "कशी आहे ती?" म्हणाली, आणि मग तिचे ओठ थरथरले, कारण तिला वाढवलं होतं ते आत्यानेच.

आईचे हात ओले होते, पावडरीने माखलेले. ती पुढे झाली. गुडघे वाकवले नाहीत, झुलली नाही. सरळ उभ्या उभ्या मुलीला धरलं, तेही वेडंवाकडं. एक हात बॅगेच्या पट्ट्यात अडकला आणि कोपर मुलीच्या गळ्याशी टेकलं.

"आई, कोपर लागतंय."

"हो," आई म्हणाली. तिलाही ते टोचत होतं. तिने कोपर जरा खाली घेतलं, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"कोण आलंय?" आतून आत्याने आवाज दिला. "मेली का माणसं सगळी? मला उठवून बसवा कोणीतरी."

मुलीने नाक पुसलं, आईने बॅग उचलली, आणि त्या आत गेल्या.